"वाक की गं जरा!"

बेळगावात टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट पडलं की आमच्या बाईकवाल्यांच्या अंगात येतं. आज परत तेच. एकानं दांड्याखालून गाडी तिरकी घातली, स्वतः मान वाकवून सुटला आणि मागं एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बायकोला, मांडीवर पोर असताना, म्हणतो, "वाक की गं जरा!" पदर चाकापासून वीतभर. अरे, ब्रेक तुझ्या हातात. तिच्या हातात काय, तुझा खांदा? आता तर इथं रेल्वेचा दुहेरी मार्ग झालाय. एक गाडी गेली म्हणून घुसावं, तर पलीकडून दुसरी हजर. आणि भरलेली मालगाडी काय सायकल आहे, दाबला ब्रेक की थांबायला? मी ओरडलो तर मलाच म्हणतो, "घाई हाय ओ!"

पुढच्या कोपऱ्यावर चहा पीत उभा होता शहाणा.