सहाशे रुपये किलो?

दिवाळी आली की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला वाद: "सहाशे रुपये किलो चकली? घरी निम्म्यात होते!" त्यापाठोपाठ त्याच काकांचं ठरलेलं पालुपद, मराठी माणसाला धंदा जमत नाही. लंडनमध्ये बसून हे वाचताना डोकं फिरतं.

घरी निम्म्यात होते, कारण घरी बाईची मजुरी शून्य धरलेली असते. समजा, दोघींनी आठ तासांत दहा किलो चकल्या केल्या. झाले सोळा तास. ताशी शंभर रुपये धरले तरी किलोमागे 160 नुसती मजुरी. भाजणी, दळण, तेल, गॅस, डबे आणि मोडक्या चकल्यांची घट वेगळीच. इथे 2025च्या एप्रिलमध्ये किमान वेतन ताशी 12.21 पौंड झालं. त्या दराने तेच सोळा तास 195.36 पौंडांना पडतात.

धंदा चालतो की बसतो, ते पुष्कळदा अशा साध्या सवयींवर ठरतं. एक बाई "पैसे काय, सावकाश द्या" म्हणते; दुसरी निम्मे आगाऊ घेते आणि वसुबारसेच्या आठ दिवस आधी ऑर्डर बंद करते. चव दोघींची सारखीच. दुसरी प्रत्येक घाण्याचं मोहन, म्हणजे पिठात घालायचं कडकडीत तेल, वजन करून वहीत लिहिते. कमी पडलं तर चकली कडक, जास्त झालं तर तेलात विरघळते. गरम असताना पिशवी बंद केली की वाफ धरते आणि दोन दिवसांत माल मऊ. तक्रार आली की ती वही उघडते. पहिली भाजणीवाल्याला शिव्या घालते.

लेबलचंही तेच. "आमच्या चकलीत गहू नाही" असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हिंगाची डबी उलटून वाचावी. बांधानी, म्हणजे मिसळण करून बनवलेल्या, हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. इथे पाकिटावर ते छापावंच लागतं, तिळासकट.

आणि इथले लोक फार धाडसी, असंही कुणी समजू नये. 2024च्या एप्रिलपासून व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, लागू होण्याची वार्षिक उलाढालीची मर्यादा 90,000 पौंड आहे. ती ओलांडली की गरम पदार्थावर 20 टक्के भरा, म्हणून कित्येक छोटे धंदे उलाढाल मुद्दाम जरा अलीकडेच थांबवतात. त्यावरून इंग्रजाला धंदा कळत नाही असं कुणी म्हणत नाही. पुण्यात दुकान एक ते चार बंद राहिलं की मात्र विनोद.

आम्ही परदेशस्थ तरी कुठले शहाणे! इथल्या दुकानात भाव न विचारता कार्ड टेकवतो आणि डोंबिवलीच्या काकूंना लिहितो, "चार किलो घेतोय, काहीतरी कमी करा ना." घासाघीस केली की आपण अजून तिथलेच आहोत असं वाटतं, बहुतेक. काकू किलोमागे चाळीस रुपये सोडतातही. तेलवाला, गिरणीवाला, कुरियरवाला काही सोडत नाही; ते चाळीस त्या 160मधूनच जातात.