राइडचे आप्तेष्ट

थीम पार्कमधली एखादी राइड सुरळीत चालू असते तोवर तिला नातेवाईक नसतात. लोक तिच्या दारावरून अधिक उंच, अधिक वेगवान राइडकडे धावत जातात, आणि उन्हाने हैराण झालेली एखादी आजी केवळ आतल्या गारव्यासाठी नातवंडांना घेऊन तिच्यात जाऊन बसते. मग एके दिवशी व्यवस्थापन दोन ओळींचे निवेदन काढते, की अमुक तारखेपासून ही राइड कायमची बंद होत असून तिच्या जागी काहीतरी नवे आणि रोमांचक उभे राहणार आहे. आणि त्याच रात्री तिचे आप्तेष्ट प्रकट होऊ लागतात. कोणाचे बालपण तिथे गेलेले असते, कोणी तिथे लग्नाची मागणी घातलेली असते, कोणाला तर त्या राइडने जगण्याचे बळ दिलेले असते. एवढे बळ मिळूनही इतकी वर्षे तिकडे फिरकला का नाहीत, असे त्यांना विचारणे असभ्यपणाचे ठरते. हे मी अधिकाराने सांगतो, कारण मीही त्यांच्यातलाच एक आहे.

माझ्या वाट्याला आलेली राइड होडीत बसवून अंधाऱ्या बोगद्यातून हिंडवून आणणारी, संथ आणि निरुपद्रवी होती. तिचे आणि तिच्या पार्कचे नाव मी घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते दिवंगतांविषयी सहसा बोलले जात नाही. आतल्या यांत्रिक पुतळ्यांमध्ये एक जहाजाचा कप्तान होता. समोर आलेल्या प्रत्येक होडीला सलाम करण्यासाठी तो उजवा हात उचलत असे. पण त्याचा कोपर केव्हाच आखडलेला असल्यामुळे तो हात टोपीपर्यंत न पोचता छातीच्या उंचीवर थरथरत राही आणि निमूटपणे खाली येई. नवख्या माणसाला वाटे, की कप्तान थकलेली उधारी मागतो आहे. तो कोपर दुरुस्त करावा म्हणून आम्ही चाहते वर्षानुवर्षे तक्रारी करत होतो. बंदची घोषणा झाली मात्र, आणि तो थरथरता हात हाच त्या राइडचा आत्मा असल्याचे आम्हा सर्वांच्या एकाच वेळी लक्षात आले.

आत्म्याच्या रक्षणासाठी प्रथम सह्यांची मोहीम निघते, आणि ती काढणारा प्रत्येक जण मिस्टर टोडचे नाव घेतो. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कमध्ये ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ १९७१ साली, पार्क उघडले त्याच दिवशी सुरू झाली होती. तीत बेडूकमहाशयांची मोटार भरधाव हाकत माणूस आगगाडीवर आदळत असे आणि थेट नरकात पोचत असे. हे मुलांसाठी होते. १९९७ साली ती बंद होणार अशी कुणकुण लागताच चाहते हिरवे शर्ट घालून पार्कमध्ये जमू लागले, पत्रके वाटू लागले आणि निषेध म्हणून त्याच राइडमध्ये पुन्हापुन्हा बसू लागले. ज्या आंदोलनात निषेध नोंदवण्यासाठी आंदोलकाला ज्याच्याविरुद्ध आंदोलन आहे त्याचेच तिकीट काढून आत जावे लागते, त्या आंदोलनाने व्यवस्थापनाची झोप कितपत उडत असेल, याचा हिशेब चाहत्यांनी मांडला नाही. ७ सप्टेंबर १९९८ रोजी राइड बंद झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे विनी द पू हे अस्वल राहायला आले. त्या नव्या राइडमध्ये एका भिंतीवर चित्र आहे, ज्यात मिस्टर टोड घुबडाच्या हाती जागेची कागदपत्रे सोपवताना दिसतात. इतक्या घोषणांची आणि इतक्या शर्टांची फलश्रुती म्हणून एक तसबीर मिळाली, आणि चाहते आजही ती नवख्यांना विजयस्तंभासारखी दाखवतात. (कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये हीच राइड अजून चालू आहे, त्यामुळे ज्यांना नरकाची फारच ओढ लागली असेल त्यांची सोय तिथे आहे.)

खरा विजयही एकदा मिळाला होता, पण तो न मिळता तर बरे झाले असते असे मला अधूनमधून वाटते. फ्लोरिडातल्याच एपकॉट या डिस्नेच्या दुसऱ्या पार्कमधल्या कल्पनाशक्तीविषयीच्या राइडमध्ये १९८३ पासून फिग्मेंट नावाचा एक जांभळा ड्रॅगन होता. १९९८ साली ती राइड बंद करून पुढच्या वर्षी नवी उघडण्यात आली, आणि तीत फिग्मेंट जवळजवळ कुठेच नव्हता. चाहत्यांनी एवढा गदारोळ केला, की २००१ साली ही नवी आवृत्तीही गुंडाळली गेली आणि २००२ साली फिग्मेंटसह तिसरी आवृत्ती आली. जल्लोष झाला. त्यानंतर चाहत्यांनी ती तिसरी आवृत्ती नीट पाहिली, आणि तेव्हापासून ते पहिली परत मागत आहेत.

चाहत्यांची तर्कपद्धती समजून घ्यायची असेल तर मात्र एपकॉटच्याच नॉर्वे दालनात जावे लागते. तिथे ‘मेलस्ट्रॉम’ नावाची होडीची राइड १९८८ पासून चालत होती. २०१४ मध्ये ती बंद करून, तेच पाणी आणि तोच मार्ग वापरून ‘फ्रोझन’ या चित्रपटावरची राइड करण्याचे ठरले. चाहते खवळले, आणि त्यांचा आक्षेप वरकरणी बिनतोड होता: हे दालन एका खऱ्याखुऱ्या देशाची ओळख करून देण्यासाठी बांधले आहे, तेव्हा तिथे काल्पनिक राज्यातल्या राजकन्यांचे काय काम? मीही हा आक्षेप अनेकांपुढे तावातावाने मांडला आहे. मांडताना आम्ही सगळेच एक तपशील गाळत होतो, तो असा, की जिच्या वास्तवदर्शनासाठी आम्ही भांडत होतो त्या जुन्या राइडमध्ये तीन डोक्यांचा राक्षस होता आणि तो मंत्र म्हणून होडी उलटी धाडत असे. वास्तवातला नॉर्वे त्यानंतर होता. होडीतून उतरल्यावर प्रेक्षागृहात त्या देशाविषयी एक छोटा अनुबोधपट दाखवला जाई, आणि बहुसंख्य प्रेक्षक एका दाराने आत शिरून, रिकाम्या खुर्च्यांमधून वाट काढत, तडक दुसऱ्या दाराने बाहेर पडत. ५ ऑक्टोबर २०१४ हा राइडचा अखेरचा दिवस होता, आणि तेव्हापासून त्या अनुबोधपटाची हळहळ करणारे इतके भेटले आहेत, की हे सगळे जर तेव्हा खुर्चीवर बसले असते तर वाढीव खेळ लावावे लागले असते.

प्रत्येक बंदच्या वेळी कोणीतरी शहाणा माणूस वॉल्ट डिस्नेचा दाखला देतो. १९५५ साली डिस्नेलँड उघडणाऱ्या त्या माणसाने स्वतःच सांगून ठेवले आहे, की हे पार्क कधीच पूर्ण होणार नाही, ते वाढत आणि बदलत राहील. चाहत्यांना हे वचन तोंडपाठ आहे आणि ते त्यांना मनापासून मान्यही आहे, फक्त बदल दुसऱ्या राइडमध्ये व्हावा एवढेच त्यांचे म्हणणे असते. एपकॉटमध्ये ‘होरायझन्स’ नावाची राइड माणसाचे भविष्य कसे असेल ते दाखवत असे. १९८३ साली दाखवायला घेतलेला तो भविष्यकाळ १९९९ च्या जानेवारीत बंद करण्यात आला, आणि भविष्यकाळाच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आणणारी माणसे मी तेव्हापासून पाहत आलो आहे.

काही राइड जायलाच हव्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. ‘स्प्लॅश माउंटन’ ही पाण्यात कोसळणारी राइड १९४६ च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटावर बेतलेली होती, आणि कृष्णवर्णीयांच्या चित्रणामुळे तो चित्रपट इतका अवघड होऊन बसला, की डिस्नेने अमेरिकेत तो घरगुती व्हिडिओवर कधी आणलाच नाही. ज्या चित्रपटाला आपण कपाटात बंद केले, त्याच्याच पात्रांना रोज हजारो लोकांसमोर गायला लावणे फार काळ निभणारे नव्हते. २०२३ मध्ये फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया या दोन्ही ठिकाणी ती बंद झाली, आणि पुढच्या वर्षी तिच्या जागी राजकन्या टियानाची राइड आली. मला हा निर्णय पटला. माझ्या चाहतेबंधूंमधल्या अनेकांना पटला नाही, आणि काहींनी तर व्यापारी वृत्ती दाखवून त्या राइडचे पाणी बाटल्यांत भरून ऑनलाइन लिलावात विकायला काढले. हे पाणी त्याच राइडचे आहे आणि विक्रेत्याच्या घरच्या नळाचे नाही, याची खातरजमा कशी करायची, हा प्रश्न मला अजून छळतो. वासाने ओळखता येते असे जाणकार म्हणतात, आणि त्यांच्यावर मी अविश्वास दाखवत नाही, कारण होडीच्या राइडमधल्या पाण्याला, ते निर्जंतुक ठेवण्यासाठी घातलेल्या ब्रोमीनचा जो दर्प असतो त्या दर्पाच्या मेणबत्त्या मिळतात आणि माझ्या घरात त्या पेटतात. घरातली इतर माणसे तेव्हा खिडक्या उघडतात.

आगाऊ घोषणा करून राइड बंद केली की असे प्रकार होतात, म्हणून न सांगताच ती बंद करावी, असे कोणाला वाटेल. न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्स ग्रेट ॲडव्हेंचरने तेही करून पाहिले. तिथली ‘किंग्डा का’ ही रोलर कोस्टर २००५ साली आली तेव्हा जगात सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान होती: १३९ मीटर उंची, ताशी २०६ किलोमीटर वेग, आणि सगळा खेळ अर्ध्या मिनिटात खलास. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची शेवटची फेरी होऊन गेली, आणि त्यानंतर काही दिवसांनी पार्कने जाहीर केले, की ती शेवटची होती. चाहत्यांचा संताप अनावर झाला. बंद केल्याचे दुःख एका बाजूला राहिले आणि अखेरच्या दिवसाची रांग आपल्याला लाभली नाही, याचा सल मोठा झाला. वर्षभर जिच्या रांगेतल्या ताटकळण्याला नावे ठेवली होती तीच रांग हिरावून घेतल्याबद्दल पार्कला धारेवर धरण्यात आले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरुंग लावून ‘किंग्डा का’ पाडण्यात आली. तिचे कोसळणेही अर्ध्या मिनिटाच्या आतच आटोपले, आणि त्याबाबतीत तिने आपल्या कीर्तीला बट्टा लागू दिला नाही.

माझ्या होडीवाल्या राइडच्या नशिबी मात्र सविस्तर निरोप होता. अखेरच्या दिवशी मी पहाटे जाऊन उभा राहिलो, तेव्हा रांग इमारतीला वळसा घालून स्वच्छतागृहांच्या मागे गेली होती. माझ्या पुढचे गृहस्थ कप्तानासारखा पोशाख करून आले होते आणि अधूनमधून हात छातीपर्यंत नेऊन थरथरवून दाखवत होते. दर वेळी टाळ्या पडत. माझ्या मागच्या बाईंजवळ राइड सुरू झाल्यापासूनच्या सर्व नकाशांची वही होती आणि तीतले प्रत्येक पान माझ्या नजरेखालून जावे अशी त्यांची इच्छा होती. तासामागून तास गेले. रांगेत जो तो आपला हक्क सिद्ध करत होता, आणि हक्क सिद्ध करण्याची रीत अशी, की समोरच्याने राइडला प्रथम कधी पाहिले ते विचारून घ्यायचे आणि मग त्याच्या आधीचे एखादे साल सांगायचे. एक तरुण ज्या सालापासून येत असल्याचे सांगत होता, त्या साली त्याचा जन्म झालेला असणे मला अवघड वाटले. पण दुःखाच्या प्रसंगी दाखले मागत नाहीत.

फ्लोरिडातल्या टॉम सॉयर बेटाचेही असेच झाले होते. मॅजिक किंगडमच्या गर्दीला कंटाळलेली माणसे तराफ्याने त्या बेटावर जात, कारण तिथे कोणी नसे. बेट, त्याच्याभोवतीची नदी आणि नदीतली आगबोट हे सारे काढून तिथे ‘कार्स’ चित्रपटातल्या मोटारी आणण्याचे ठरले, आणि ६ जुलै २०२५ या शेवटच्या दिवसापर्यंत निवांतपणाच्या प्रेमिकांनी त्या निवांतपणाला निरोप देण्यासाठी तिथे एवढी गर्दी केली, की तो आधीच निघून गेला असावा.

अखेर आमची होडी आली. आत शिरताच सर्वांनी फोन वर धरले, आणि ज्या अंधाराचे आम्ही दिवसभर गुणगान केले होते तो अंधार त्यांच्या उजेडात नाहीसा झाला. त्या उजेडात प्रथमच दिसले, की समुद्रातले वादळ म्हणजे एक निळी ताडपत्री होती. माझ्यापुढे एक उंच हात, त्या हातात फोन, आणि फोनच्या पडद्यावर राइड, अशा रीतीने मी माझ्या लाडक्या राइडचे अंतिम दर्शन घेत होतो. इतक्यात होडी थांबली. कुठेतरी काहीतरी बिघडले होते, आणि आम्ही नेमके कप्तानासमोर अडकलो होतो.

एरवी असा बिघाड झाला असता तर याच माणसांनी व्यवस्थापनाचे वाभाडे काढले असते. आज होडीत आनंदाची लाट उसळली. शेवटची फेरी, आणि तीही वाढवून मिळालेली! कप्तानाच्या पुतळ्याला बिघाडाची खबर नव्हती, तो ठरावीक अंतराने हात उचलत होता, थरथरत होता, आणि “सांभाळून बसा, वादळ आले!” हे आपले एकमेव वाक्य बोलत होता. पहिल्या काही वेळा लोकांनी गहिवरून त्याच्याबरोबर ते म्हटले. नंतर गहिवर ओसरला. त्यानंतर एका लहान मुलाने हे वादळ येणार तरी कधी, असे विचारले आणि त्याला गप्प करण्यात आले. कप्तानाचा पोशाख केलेले गृहस्थ सुरुवातीला प्रत्येक सलामाला सलामाने उत्तर देत होते, पण पुढे त्यांचा खांदा भरून आला आणि त्यांचाही हात छातीशीच अडकू लागला. दिवे लावून आम्हाला मागच्या दाराने बाहेर काढण्यात आले, तेव्हा नकाशांच्या वहीवाल्या बाई हुंदके देत होत्या. त्या हुंदक्यांत सुटकेचा भाग किती होता, हे मी विचारले नाही.

नवी राइड यथावकाश उघडली. ती चांगली आहे. तिच्यातले पुतळे भुवया हलवतात. बाहेर पडताना लागणाऱ्या दुकानात जुन्या राइडच्या स्मृतिवस्तूंचा स्वतंत्र कोपरा आहे आणि गर्दी तिथेच असते. मी कप्तानाचे चित्र असलेला एक पेला उचलला. गल्ल्यावरच्या तरुण मुलीने तो उलटसुलट करून पाहिला आणि हा माणूस कोण, असे कुतूहलाने विचारले. मी भरल्या गळ्याने सांगू लागलो, की इथे एकेकाळी एक कप्तान होता आणि आलेल्या प्रत्येकाला तो कडक सलाम ठोकत असे. तेवढ्यात माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या कोणीतरी घसा खाकरून मला थांबवले.

“माफ करा, पण सलाम नाही. हात टोपीपर्यंत कधीच पोचला नाही. आणि तुम्ही नंतरचे दिसता.”