पोटॅश (पोटॅशियमचं खत) पाण्याबरोबर आपोआप मुळांत शिरतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

राम राम भाऊ,

केळीच्या मुळांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मूळ खत घ्यायला ऊर्जा खर्च करतं, हे सगळं पुस्तकी. विद्राव्य खत पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर आत जातं. मागच्या पावसात बागेत पाणी तुंबलं म्हणून दुप्पट पोटॅश सोडला, तरी खालच्या पानांच्या कडा पिवळ्याच. म्हणजे खतच भेसळीचं." जळगावच्या केळीपट्ट्यात, रावेर-यावलकडे हे बऱ्याच जणांकडून ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाण्यात विरघळतं, इथवर बरोबर. पण घोडं तिथेच पेंड खातं. मुळाच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचा दुपदरी पापुद्रा असतो आणि पाण्यात सहज विरघळणाऱ्या क्षारांना तो भेदता येत नाही. पेशींच्या भिंतींमधून पाणी आणि खत थोडं आत झिरपतं खरं, पण मुळाच्या आतल्या एका थरापाशी, म्हणजे अंतस्त्वचेपाशी, पेशींच्या भिंतींतली कॅस्परी पट्टी नावाची जलरोधक पट्टी ती वाट बंद करते. पुढे जायचं तर पेशीच्या त्या पापुद्र्यातूनच, म्हणजे पटलातूनच, आणि तिथे पोटॅशची प्रथिनांची वाट वेगळी, पाण्याची वेगळी.

पेशीत पोटॅशियम दर लिटरला साधारण 100 मिलिमोल, मातीतल्या पाण्यात बहुतेकदा 1 पेक्षाही कमी. म्हणजे चढावरच जायचं. तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच मांडतो: पोटॅशियमच्या एका वाटेवर थेट ऊर्जा लागत नाही. पेशीची आतली बाजू ऋणभारित असल्याने धनभारित पोटॅशियम आपणहून ओढलं जातं. पण तो ऋणभार येतो कुठून? पटलातले प्रथिनांचे पंप एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून हायड्रोजनचे धन आयन सतत बाहेर फेकतात, त्यातून. पंप मंदावला की ओढही गेली.

आता तुमची तुंबलेली बाग घ्या. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे 10,000 पट हळू पसरतो. ऑक्सिजन असेल तर एका ग्लुकोजपासून 30 च्या आसपास एटीपी मिळतात, नसेल तर फक्त 2. त्यात पेशीरस आंबट होतो आणि पाण्याच्या वाटाही मिटतात. म्हणून तर पाण्यात उभी असलेली केळ दुपारी मान टाकते! अशा वेळी वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण हवा खेळती होईपर्यंत, व्हेंचुरी (ठिबकमध्ये खत सोडणारं साधन) बंद ठेवलेली बरी.

दुप्पट मात्रेचंही तसंच. एप्स्टाइन आणि हेगन या शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये बार्लीच्या मुळांवर दाखवलं की बाहेर क्षार वाढवत गेलं तरी शोषणाचा वेग एका मर्यादेला टेकतो. वाहून नेणारी प्रथिनं मोजकीच असतात. ठिबकमधून थोडं थोडं, वरचेवर खत देण्याचा फायदा इथेच आहे.

माझ्यावर विश्वास नको, बागेतच बघा. घड उतरवल्यावर वाफशावरच्या एखाद्या केळीचं खोड जमिनीलगत छाटा, मधोमध खोलगट कोरा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी त्यात पाणी साचलेलं दिसेल. वर एक पान नाही, मग पाणी खेचलं कुणी? मुळांनी आधी क्षार आत भरले आणि त्यांच्या मागोमाग पाणी आलं. तुम्ही म्हणता त्याच्या अगदी उलट.

पोत्यातला नमुना तपासायला जरूर द्या, भेसळ होत नाही असं मी म्हणत नाही. पण ती पिवळी बाग अजून उभी असेल तर आधी एका झाडाची चार मुळं उकरा. पांढरी, टणक आहेत की काळी, लिबलिबीत, ते पाहा आणि फोटो इथेच टाका.