सोळा की एकवीस? सिडनीहून एक साक्ष

पुण्यातल्या कल्याणीनगरचा अपघात १९ मे २०२४ च्या पहाटेचा. भरधाव पॉर्श, ती १७ वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप, दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा मृत्यू आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध. तेव्हापासून अल्पवयीन चालकाची बातमी आली की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो, लायसन्सचं वय २१ करा. दुसरा म्हणतो, परदेशात सोळाव्या वर्षी गाडी देतात, तिथे कुठे काय बिघडतं? मग सिडनीचा साक्षीदार म्हणून मला पुढे ढकलतात: "सांग रे यांना."

सांगतो, पण ही साक्ष दोन्ही तटांच्या सोयीची नाही.

सिडनी ज्या राज्यात आहे, त्या न्यू साउथ वेल्समध्ये सोळाव्या वर्षी मिळतं ते शिकाऊ लायसन्स. माझी मुलगी सध्या याच टप्प्यावर आहे. गाडीला पुढे-मागे पिवळ्या पाटीवर काळा 'एल', आणि शेजारी पक्क्या लायसन्सवाला माणूस, म्हणजे बहुतेकदा मी. २५ वर्षांच्या आतल्यांना असे १२० तास भरावे लागतात, त्यातले २० रात्रीचे. प्रत्येक फेरीनंतर ती लॉगबुक उघडते: निघालो कधी, पोचलो कधी, किलोमीटर किती, रस्ता आणि हवा कशी होती. खाली माझी सही. पाऊस लागला की मी घरात दडी मारायला बघतो, तर ही चावी घेऊन दारात उभी, कारण ओल्या रस्त्याची नोंद अजून कमी आहे. शेजारी बसून फोन हातात घेतला तर दंड मला होतो, आणि दारूची मर्यादा मलाही लागू. बसलो शेजारी, तरी ड्यूटीवर.

किमान वर्षभराने, सतरा पूर्ण झाल्यावर आणि परीक्षा पास झाल्यावर लाल 'पी', म्हणजे प्रोव्हिजनल लायसन्सची पाटी. ताशी ९० किलोमीटरच्या वर जायचं नाही, दारू शून्य, फोन हँड्सफ्रीसुद्धा नाही. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात २१ च्या आतला एकच प्रवासी. हा शेवटचा नियम मला सगळ्यात शहाणा वाटतो. पोरगं एकटं असताना जे करणार नाही, ते मागे तिघं ओरडत असली की करतं. वेगात एकदा सापडलं की निदान ४ डिमेरिट पॉइंट, म्हणजे लायसन्सवर चुकांचे गुण, आणि लाल 'पी'वाल्याची मर्यादाच ४ ची. लायसन्स किमान ३ महिने गेलं. लाल 'पी'नंतर दोन वर्षं हिरवा 'पी'. पूर्ण मोकळीक मिळेपर्यंत पोरं विशीत पोचतात.

आपल्याकडे अठराव्या वर्षी लर्निंग, ३० दिवसांनी आरटीओत आठ काढून दाखवला की पक्कं. त्याच रात्री चार मित्र गाडीत घालून एक्स्प्रेसवेवर निघालं तरी कायद्याची ना नाही. एल ची पाटी, शेजारी लायसन्सवाला, शिकाऊ दुचाकीस्वाराने मागे कुणाला बसवायचं नाही, हे सगळं आपल्याही नियमांत आहे. ते महिनाभर पाळणारा एक तरी माणूस दाखवा.

सोळाची सोयही आहे बरं का! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सोळाव्या वर्षी, पालकांच्या संमतीने, ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते. तो लूनाचा जमाना होता. आज शोरूममध्ये ११०-१२५ सीसीच्या स्कूटर उभ्या असतात, त्यामुळे अकरावीचा मुलगा क्लासला जातो तो आईच्या स्कूटरवर, बेकायदा आणि घरच्यांच्या संमतीने. त्यावर २०१९ च्या दुरुस्तीचा उतारा काय? पालकाला ३ वर्षांपर्यंत तुरुंग, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. नाक्यावरच्या हवालदाराने शेजारच्या काकूंना तुरुंगात धाडावं, अशी अपेक्षा! वय २१ केलं तर चावी घेणारा मुलगा तोच राहील, बेकायदा वर्षं तेवढी तीनने वाढतील.

पण सिडनीची नक्कलही नको. १२० तास हे गाडी, पेट्रोल आणि मोकळा वेळ असलेल्या घराला परवडतं. इथे नव्याने आलेल्या कुटुंबांची त्यात दमछाक होते. शिवाय महाराष्ट्रात पोरांची पहिली गाडी दुचाकी असते, तिला शेजारची सीटच नाही. घ्यायचंच तर इथल्या मोटरसायकलवाल्यांचं घ्यावं: लर्नर आणि लाल 'पी' या टप्प्यांवर मागे कुणीही बसवायचं नाही. म्हणजे आपल्याकडे पक्कं लायसन्स मिळाल्यावर पहिलं वर्ष नंबरप्लेटशेजारी एक ठळक खूण आणि डबल सीट बंद. पोलिसाला ना वय विचारायला लागेल, ना कागद बघायला. डोकी मोजली की झालं.

ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा मावसभावाचा लगेच सवाल आला: "मग धाकटीला क्लासला सोडणार कोण?" सवाल रास्त आहे. संध्याकाळी सातनंतर भरवशाची बस मिळाली असती, तर सोळाच्या पोराच्या हातात चावी द्यायची वेळ किती तरी घरांवर आली नसती. तेव्हा लायसन्सच्या वयावर भांडताना आरटीओबरोबर महापालिकेलाही समोर बसवा.