कापड छापायला आपल्याला फ्रेंचांनी शिकवलं?

माझी भाची टेक्स्टाइल डिझाइन शिकते. तिच्या प्रोजेक्टमध्ये एक परिच्छेद सापडला, व्हॉट्सअ‍ॅपवरून जसाच्या तसा उचललेला. मेसेज असा: ‘फुलांचं छापील सुती कापड ही फ्रान्सची देणगी. राणी मारी आंत्वानेतने ज्वी गावात त्याचा कारखाना काढला. पक्क्या रंगात कापड छापायची कला भारतात तिथूनच आली.’ सोबत नक्षीचं एक रंगीत पान, ‘राजवाड्यातलं हाताने रंगवलेलं मूळ चित्र’ म्हणून.

राणीचं आधी उरकून टाकते. ज्वीचा कारखाना १७६० साली सुरू झाला, तेव्हा मारी आंत्वानेत चार वर्षांची होती आणि व्हिएन्नात होती. कारखाना काढला ख्रिस्तोफ-फिलिप ओबरकाम्फने. तो जर्मन, रंगाऱ्याच्या घरातला. ‘शाही कारखाना’ हा किताब मिळाला १७८३ मध्ये.

पण पक्का रंग तिथून इथे आला? उलटी गंगा आहे ही! १७४२ साली केर्दू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने दक्षिण भारतातून मायदेशी एक लांबलचक पत्र पाठवलं. ते तेव्हाच छापलं गेलं, आजही वाचायला मिळतं. त्यात इथल्या कारागिरांना विचारून घेतलेली सगळी कृती आहे: कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात कसं भिजवायचं, तुरटीने लाल रंग कसा धरतो, निळीत बुडवण्याआधी कुठे मेण लावायचं. धुतल्यावर लाल रंग न जाण्याचं मर्म त्या तुरटीत आणि हिरड्यात आहे. ज्वीचा कारखाना निघायला तेव्हा अजून अठरा वर्षं होती. ज्यांना कृती विचारून लिहून घ्यावी लागली, त्यांनी ती आपल्याला शिकवली म्हणे!

आणि फ्रान्समधली १६८६ ची बंदी? भारतातून येणाऱ्या छापील कापडाला तिथे एवढी मागणी होती की रेशीम-लोकरवाल्यांचा धंदा वाचवायला राजाने ते आणण्यावर बंदी घातली. देशात त्याची नक्कल छापायलाही मनाई केली, ठसे फोडायचा हुकूम काढला. ही बंदी १७५९ मध्ये उठली आणि पुढच्याच वर्षी ओबरकाम्फने ज्वीत छपाई सुरू केली. भाचीच्या प्रोजेक्टमध्ये या एवढ्या मोठ्या गोष्टीचा उल्लेखही नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. पांढऱ्यावर एकाच रंगात मेंढपाळ, झाडं, पडके मनोरे असं जे ‘ज्वी’ म्हणून ओळखलं जातं, ते आपल्याकडचं नाही. ते तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापत. ते तंत्रही मूळ फ्रान्सचं नव्हे, १७५२ च्या सुमारास आयर्लंडमध्ये निघालेलं. पण ज्वीसाठी नमुने काढणाऱ्या झां-बाप्तिस्त युए या चित्रकाराची चित्रं खरंच सुरेख आहेत. १७८३ च्या एका नमुन्यात त्याने कारखान्यातलीच कामं काढली आहेत: कापड धुणं, छापणं, कुरणात वाळवणं. तरीही ज्वीचा बराचसा माल लाकडी ठशांनी छापलेल्या रंगीत फुलांचाच होता, आपल्या छिटाच्या वळणाचा.

राहिलं ते ‘राजवाड्यातलं’ पान. ते ओग्युस्त रासिने या फ्रेंच चित्रकाराच्या नक्षीसंग्रहातलं आहे. तो संग्रह १८६९ ते १८७३ दरम्यान पॅरिसमध्ये निघाला, म्हणजे राणीचा शिरच्छेद होऊन पाऊणशे वर्षं उलटल्यावर. शिवाय तो दगडी छापाचा आहे, दर रंगाला वेगळा दगड. अशी सुटी पानं कुणी ‘हाताने रंगवलेली’ म्हणून विकायला आणली, तर आधी भिंगाखाली धरा. बारीक ठिपके दिसले की ते पान छापलेलं आहे.