उभी मुंबई, आडवे पाहुणे

पहिल्यांदा मुंबईला निघालेल्या माणसाकडे एक यादी असते. ती त्याने स्वतः केलेली नसते. अर्धी आत्याने सांगितलेली असते, पाव शेजाऱ्यांनी घुसवलेली असते आणि उरलेली मोबाइलवर आलेली असते. तीत गेटवे, राणीची बाग, म्हातारीचा बूट, हाजी अली, सिद्धिविनायक, एलिफंटा, बोरिवलीचं नॅशनल पार्क, जुहू असं सगळं असतं आणि शेवटी 'वेळ उरला तर फिल्मसिटी'. यादी आत्याच्या लग्नाच्या काळातली असेल तर तारापोरवाला मत्स्यालयही असतं, जे आता बंद आहे. मुक्काम तीन दिवसांचा. क्रम आठवेल तसा. सकाळी गेटवे, दुपारी बोरिवली, संध्याकाळी परत गिरगाव चौपाटी. एवढी ये-जा लोकलचा मोटरमन रोज करतो, पण त्याला त्याचा पगार मिळतो.

यादीत चूक काहीच नसते. फक्त ती करणाऱ्याने मुंबईचा आकार बघितलेला नसतो. हे शहर उभं आहे, लांबट आणि चिंचोळं. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, हार्बर, तिन्ही मार्ग जवळपास उभेच धावतात. त्यामुळे उभा प्रवास कितीही लांबचा असला तरी होतो. चर्चगेटहून बोरिवली साधारण ३४ किलोमीटर, फास्ट लोकलने पाऊण तासाच्या आगेमागे. आडवा प्रवास मात्र कितीही जवळचा असला तरी अंगावर येतो.

बोरिवली आणि मुलुंड घ्या. नकाशात दोन्ही एका नखाखाली येतात. पाहुणा म्हणतो, बोरिवलीच्या काकांकडे जेवू आणि मुलुंडच्या मावशीकडे चहाला जाऊ. मध्ये नॅशनल पार्क आहे. त्यात डोंगर आहेत, तलाव आहेत आणि बिबटे आहेत. काकांकडून मावशीकडे जायचं तर एक तर घोडबंदर रोडने उत्तरेकडून वळसा, नाहीतर दक्षिणेला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, नाहीतर लोकलने थेट दादरपर्यंत खाली उतरून, पूल चढून, मध्य रेल्वेची गाडी धरून पुन्हा वर. तिन्ही रस्त्यांनी मावशीकडचा चहा रात्रीच्या जेवणात विलीन होतो. आडवं जायला चांगली सोय म्हणाल तर वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो. २०१४ पासून आहे, सुमारे साडेअकरा किलोमीटरचं अंतर वीस-बावीस मिनिटांत कापते. तेव्हा एकाच दिवशी दोन्हीकडचे नातेवाईक उरकायचेच असतील, तर निदान अंधेरी आणि घाटकोपरला राहणारे निवडावेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की दिवस ठिकाणांवरून आखू नका, लाइनवरून आखा. एका दिवशी दक्षिण टोक: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणजे सीएसएमटीची इमारत, वस्तुसंग्रहालय, गेटवे, मरीन ड्राइव्ह. दुसऱ्या दिवशी मधला पट्टा: महालक्ष्मी, हाजी अली, सिद्धिविनायक, दादर. तिसऱ्या दिवशी वर कुठेतरी, म्हणजे कान्हेरी नाहीतर जुहू. 'नाहीतर' म्हटलंय, 'आणि' नाही. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत आणि नॅशनल पार्कच्या गेटपासून ती सहा-सात किलोमीटर आत आहेत. बोरिवलीला उतरलो की लेणी, असं नसतं.

आता वार. इथे बहुतेक बेत कोसळतात. एलिफंटा सोमवारी बंद. नॅशनल पार्क सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला अशी रांग लागते, की देवालाच आपली दया यावी. रविवारी रेल्वेचा दुरुस्तीसाठीचा मेगाब्लॉक, त्यात साधारण अकरा ते चार-पाच या वेळात कुठल्यातरी भागात फास्ट गाड्या स्लो होतात किंवा काही गाड्या रद्दच होतात. पश्चिम रेल्वेवर त्यालाच जम्बो ब्लॉक म्हणतात; थांबावं तेवढंच लागतं. उरले गुरुवार, शुक्रवार, शनिवार. सुटी मात्र शनिवार, रविवार, सोमवार अशी जोडून घेतलेली असते. ब्लॉकचं वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं, ते शनिवारी रात्री बघून ठेवावं. रविवारी बघायला जाल तर फलाटावर उभं राहून बघाल.

हाजी अलीला जायचं तर कॅलेंडरबरोबर समुद्रालाही विचारावं लागतं. दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते. दिवसाला दोन भरत्या येतात आणि त्यांची वेळ रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे 'मागच्या महिन्यात आम्ही अकरा वाजता गेलो होतो' या माहितीचा काडीचा उपयोग नसतो. भरतीची वेळ पेपरात, मोबाइलवर, कुठेही मिळते. पावसाळ्यात तर ती बघितल्याशिवाय घराबाहेरच पडू नये. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी धो धो पाऊस असा योग आला, की हिंदमाता, मिलन सबवे वगैरे पाणी तुंबणाऱ्या जागांची नावं बातम्यांत येतात आणि तुम्ही त्या बातम्यांच्या मागच्या दृश्यात उभे असता. एलिफंट्याच्या बोटीही त्या दिवसांत भरवशाच्या नसतात. पावसाळी मुंबई बघायची हौस असेल तर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावरून बघावी आणि परतीचं तिकीट त्याच दिवसाचं ठेवू नये.

राहायचं कुठे, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. कारण मुंबईला मामा असतो. मामा बदलापूरला असतो. बाहेरगावच्या माणसाच्या लेखी ती मुंबईच, आणि मामाही गावी आल्यावर मुंबईचाच म्हणून मिरवतो. प्रश्न फक्त ६८ किलोमीटरचा आहे. सीएसएमटी ते बदलापूर साधारण तेवढं अंतर आहे. "गाडी सरळ आहे रे, सव्वा-दीड तासात सोडते," असं मामा सांगतो. मामा खोटं बोलत नाही. तो फक्त गाडीचा वेळ सांगतो. मुंबईकराच्या हिशेबात घर ते स्टेशन धरत नाहीत, रिक्षाची रांग धरत नाहीत, पूल धरत नाहीत आणि भरून गेली म्हणून सोडून दिलेली पहिली गाडीही धरत नाहीत.

तो हिशेब आपण करू. एलिफंटा बघायचंय. गेटवेहून बोटी नऊच्या सुमारास सुरू होतात. मामाच्या दारातून स्टेशन रिक्षाने पंधरा मिनिटं. तिकीट, पूल, फलाट मिळून पंधरा. गाडी दीड तास. सीएसएमटीहून गेटवे अडीच किलोमीटर, टॅक्सी किंवा बसने वीस मिनिटं. म्हणजे नऊच्या बोटीसाठी साडेसहाच्या आत घर सोडायचं, आणि तेही चढायला मिळालं तर, कारण सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे अख्खी मुंबई कामाला निघते आणि बदलापूरची माणसं लांबची असल्यामुळे सगळ्यांच्या आधी निघतात. बोट एक तास. पलीकडे धक्क्यावरून चालत किंवा छोट्या गाडीने पायथ्याशी, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं आणि हातातल्या पिशवीवर डोळा ठेवून बसलेली माकडं. लेणी नीट बघायची तर दीड-दोन तास हवेतच. नुसतं त्रिमूर्तीसमोर फोटो काढून फिरणाऱ्यांनी बोटीतच बसून राहिलेलं बरं. सगळं आटोपून, खाऊन-पिऊन दुपारी चारच्या बोटीने परत फिरलात तर पाचला गेटवे. इथवर कार्यक्रम यशस्वी.

पण आता संध्याकाळ झाली आहे. सकाळी जी मुंबई खाली आली ती साडेपाचपासून वर निघते, आणि तुम्हालाही वरच जायचंय. सीएसएमटीवर बदलापूरची गाडी फलाटाला लागता लागताच, पुरती थांबायच्या आत भरते. गाडी थांबली की चढायचं, ही आपली गावाकडची समजूत इथे चालत नाही. त्या वेळी हातात एलिफंट्याहून घेतलेली दगडी मूर्ती, खांद्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी आणि कडेवर पोर अशा अवस्थेत दारापर्यंत जाऊच नये. मरीन ड्राइव्हवर जाऊन बसावं, खावं-प्यावं, दिवे बघावेत आणि नऊनंतर गाडी धरावी. मामीला तसं सकाळीच सांगून ठेवावं, नाहीतर ती साडेसातला पोळ्या लाटायला घेते.

उलट राहण्याची सोय स्वतः करणार असाल तर दादर किंवा माटुंगा बघावं. दादरला पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्ग भेटतात, त्यामुळे या दोन मार्गांवर कुठेही जायचं तरी एकदाच चढायचं. शिवाय इथून सकाळी वर, म्हणजे बोरिवलीकडे निघालात, तर गर्दी समोरच्या फलाटावर असते. हा मुंबईतला सगळ्यात स्वस्त चैनीचा प्रकार आहे: नऊ वाजता उलट दिशेच्या लोकलमध्ये खिडकीशी बसून समोरून लटकत जाणाऱ्यांकडे बघणं. विमानतळाजवळ स्वस्त खोली मिळते म्हणून तिकडे जाऊ नये असं पूर्वी मी ठामपणे सांगत असे. आता आरे ते कफ परेड अशी भुयारी मेट्रो २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून तो आग्रह थोडा सैल केला आहे. तिची स्टेशनं दोन्ही टर्मिनलना आहेत, सिद्धिविनायकाला आहे, दादरला आहे, सीएसएमटीला आहे.

पत्ता लिहून घेताना 'पूर्व' की 'पश्चिम', म्हणजे रेल्वेच्या कुठल्या बाजूला, हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. अंधेरी पूर्वेहून अंधेरी पश्चिमेला पायी पुलावरून दहा मिनिटांत जाता येतं. तेच रिक्षाने जायचं म्हटलं तर रिक्षावाल्याचं सगळं घराणं कळेपर्यंत वेळ मिळतो. आणि रिक्षा वांद्रे आणि सायनच्या खाली नाहीच. 'वांद्र्याहून रिक्षा करून सिद्धिविनायकाला येतो' असं कुणी म्हणालं, तर तो माहीमच्या अलीकडे टॅक्सी शोधत उभा राहणार हे समजून चालावं.

दादरबद्दल आणखी एक. तिथल्या फलाटांचे नंबर डिसेंबर २०२३ मध्ये बदलले. आता १ ते ७ पश्चिम रेल्वे आणि ८ ते १४ मध्य रेल्वे. पूर्वी दोन्हीकडे एक नंबर होता आणि माणसं तासन्‌तास वेगवेगळ्या एक नंबरवर एकमेकांची वाट बघत. काकांनी 'एक नंबरला भेट' सांगितलं तर त्यांना आधी साल विचारा.

लोकलचं म्हणाल तर तीन गोष्टी सांगतो. पट्ट्यापट्ट्यांचा डबा फर्स्ट क्लासचा. तो रिकामा दिसला म्हणून चढू नये, कारण तो आपल्यासाठी रिकामा नसतो आणि तिकीट तपासनीसाला पाहुणा लांबूनच ओळखू येतो. एसी लोकललाही साधं तिकीट चालत नाही. एक, तीन किंवा पाच दिवसांचा पर्यटक पास खिडकीवर मिळतो, तो काढला की रोजच्या रांगा वाचतात. दुसरी गोष्ट उतरण्याची. उतरायची तयारी दोन स्टेशनं आधी सुरू होते. पाठीवरची सॅक पोटावर घ्यायची, दाराच्या दिशेने सरकायचं, पुढच्याला "दादर?" एवढंच विचारायचं. तो मान हलवेल तर त्याच्या मागे उभं राहायचं, नाही हलवणार तर त्याच्याशी जागा बदलायची. फलाट कुठल्या बाजूला येणार हेही विचारून घ्यायचं. पुढचं काम तुमच्या मागची माणसं करतात. विरार फास्टमध्ये बसून अंधेरीला उतरायचा बेत मात्र करू नये. तिथे आधी लोक समजावतात आणि मग समजावत नाहीत.

तिसरी गोष्ट फलाटावरच्या इंडिकेटरची. मध्य रेल्वेवर 'के' म्हणजे कल्याण, 'टी' म्हणजे ठाणे, 'बीएल' म्हणजे बदलापूर, इथवर सरळ आहे. मग 'एस' येतं. पाहुण्याला वाटतं स्लो. ते कर्जत असतं. 'एन' म्हणजे कसारा. कल्याणला मार्ग फुटतो. एक फाटा कर्जतकडे जातो, दुसरा कसाऱ्याकडे. मामाकडे जाताना 'एस' चालते, 'एन' चालत नाही. चुकून 'एन'मध्ये बसून डोळा लागला तर टिटवाळ्याच्या गणपतीचं दर्शन घडतं, जे यादीत नव्हतं.

परतीच्या तिकिटावरचं स्टेशनही नीट वाचावं. लोकमान्य टिळक टर्मिनसला कुर्ला म्हणतात, पण हार्बरच्या टिळकनगर स्टेशनातून ते जवळ पडतं. वांद्रे टर्मिनस म्हणजे वांद्रे स्टेशन नव्हे. त्याला खारहून पादचारी पूल आहे. विमानाने जाणाऱ्यांना आता नवी मुंबईचाही विमानतळ झाल्यामुळे एक चूक जास्तीची करता येते. आणि गाडी सीएसएमटीहून पुण्याकडे जाणारी असेल, तर मामाकडून सामानसुमान घेऊन ६८ किलोमीटर उलटं सीएसएमटीला जायचं काही कारण नसतं. ती गाडी कल्याणला थांबत असेल तर तिकिटावरचं बसायचं स्टेशन आधीच बदलून कल्याण करून घ्यावं. बहुतेक जण ते करत नाहीत. ते दुपारी जेवून बदलापूरहून निघतात, दीड तास लोकलने खाली जातात, फलाटावर दोन तास बॅगांवर बसतात, मग गाडी सुटते आणि अजून तासाभराने न थांबता बदलापूरवरून जाते, तेव्हा गॅलरीत कपडे काढणारी मामी दिसते.