बँडने दिलेल्या कॅलरी खायच्या नसतात

सध्या एक मजकूर जिकडे तिकडे फिरतोय. मनगटावर फिटनेस बँड बांधा, त्याला कॅलरी मोजणारं ॲप जोडा, बँड दिवसभरात जितक्या कॅलरी जळाल्या म्हणेल त्याहून ५०० कमी खा. व्यायाम केलात तर तेवढं वर खायला मोकळीक. आठवड्याला अर्धा किलो हमखास उतरणार, आणि नाहीच उतरलं तर समजा तुमचं मेटाबॉलिझम स्लो आहे. यातलं बँड बांधणं आणि जेवण नोंदवणं एवढं ठीक. बाकी हिशेब कच्चा आहे.

‘बँड जळालेल्या कॅलरी मोजतो.’ मोजत नाही, अंदाज बांधतो. त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून नाडी घेतो, हाताची हालचाल पाहतो, तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची धरतो आणि सूत्रातून आकडा काढतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. नाडीत सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली; कॅलरीत मात्र सगळ्यात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. बँडच्या २,२०० पैकी चौथा हिस्सा फुगवटा निघाला, तर ५५० गेल्या. तुमची ५०० ची तूट त्यातच संपली! उलटंही होतं: रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी मंद राहते आणि बँड कमी आकडा दाखवू शकतो. पोळ्या लाटताना पावलं वाढू शकतात, सुपरमार्केटात ट्रॉली ढकलताना घटतात.

‘व्यायामाच्या कॅलरी वर खाता येतात.’ सगळ्यात जास्त माती इथेच खाल्ली जाते. ७० किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटरच्या वेगाने तासभर चालला तर साधारण २४५ कॅलरी लागतात. त्यातल्या ७० नुसतं बसूनही लागल्याच असत्या. चालण्याच्या खऱ्या १७५. शिवाय एकच चालणं दोनदा धरलं जातं ते वेगळंच. ४० वर्षांची, १५८ सेंटिमीटर उंचीची, ७० किलोची बाई घ्या. वय, वजन, उंची धरणाऱ्या मिफ्लिन सूत्राने तिची विश्रांतीतली रोजची गरज सुमारे १,३२५ कॅलरी. ॲपमध्ये ‘बैठं काम’ निवडलं तर ती १.२ ने गुणून १,५९० होते, ‘हलका व्यायाम’ निवडला तर १.३७५ ने गुणून १,८२०. म्हणजे या दुसऱ्या पर्यायात २३० कॅलरींचं चालणं आधीच आलेलं आहे. वरून बँडने तेच चालणं पुन्हा जमा केलं, की झाला गोंधळ. बँड जोडायचाच तर पातळी ‘बैठी’ ठेवा आणि जमा झालेल्या कॅलरी खाऊ नका.

‘ॲपमध्ये नोंदवलं म्हणजे मोजलं.’ ‘एक वाटी साबुदाणा खिचडी’ असं शोधलं की वाटेल ते आकडे येतात, कारण पुष्कळ नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. आता खिचडी तोलून बघा: कोरडा साबुदाणा ५० ग्रॅम, १७५ कॅलरी, दाण्याचं कूट २० ग्रॅम, सुमारे ११५, दोन छोटे चमचे तूप, ८०, बटाट्याच्या फोडी, २५. झाल्या जवळपास ४००, आणि याला आपण उपवासाचं हलकं खाणं म्हणतो. भाताचा घोळ याहून मोठा: १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३०. नोंद कच्च्याची की शिजलेल्याची, हे न बघता निवडली की दिवसाचा हिशेब कोलमडतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा ओट्यावर ठेवा. रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. साहित्य कच्चं तोला, फोडणीचं तेलसुद्धा (१५ मिलीत सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात). शिजल्यावर पातेल्यासकट तोलून पातेलं वजा करा आणि ताटात घेतलेल्या ग्रॅमच्या प्रमाणात कॅलरी काढा.

‘हमखास अर्धा किलो.’ पहिल्या आठवड्यात उतरतं त्यात बरंचसं पाणी असतं. पुढे शरीर हलकं होतं तशी त्याची गरजही घटते. पिट्सबर्ग विद्यापीठाची २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी ४७१ जणांवर दोन वर्षं चालली. आहार-व्यायामाचं मार्गदर्शन सगळ्यांनाच होतं. हालचाल मोजणारं उपकरण मिळालेल्या गटाचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं, न मिळालेल्या गटाचं ५.९ किलो.

राहता राहिलं मेटाबॉलिझम. थायरॉइडची शंका असेल तर रक्ततपासणी करा, बँडवरून निदान नको. एरवी आधी मोजमाप तपासायचं. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. पहिला आठवडा सोडून द्या. समजा दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या सरासरीत ०.८ किलोचा फरक पडला आणि नोंदीप्रमाणे रोजचं खाणं १,७०० होतं. एक किलो वजनामागे ७,७०० कॅलरी धरून ०.८ गुणिले ७,७०० भागिले २८ दिवस, म्हणजे रोजची तूट २२०. तुमची खरी गरज सुमारे १,९२०. बँड २,२५० म्हणत असेल तर तो ३३० जास्त दाखवतोय. तुमच्या नोंदीत नेहमीची एखादी चूक असली, तरी तीही या आकड्यात धरली जाते. खाणं १,९२० वरून ठरवा, बँड पावलं आणि झोप बघायला ठेवा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर मात्र खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, नाहीतर साखर एकदम उतरू शकते. वजन चार-पाच किलोंनी उतरलं की हाच हिशेब नव्याने मांडा.